तीन कॅमेरे कुठून आले?

मंडळी, मागच्या खेपेला प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं होतं, सिनेमा एका कॅमेऱ्यानं करतात आणि टीव्हीवरची विनोदी मालिका तीन-चार कॅमेऱ्यांनी, असं का? तेव्हा वेळ नव्हता. आज तीच गोष्ट सांगतो.

एक कॅमेरा म्हणजे कसं, तर दोन माणसं टेबलाशी बोलताहेत. आधी दोघांचा एकत्र शॉट. मग दिवे हलवायचे, कॅमेरा हलवायचा, एकाचा क्लोजअप. पुन्हा दिवे, दुसऱ्याचा क्लोजअप. नट तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि प्रकाश दर वेळी त्या एका चेहऱ्यापुरता. चित्र देखणं होतं. पण समोर प्रेक्षक बसवले, तर तोच विनोद पाचव्यांदा ऐकून हसणार कोण?

आता चला १९५१ सालच्या अमेरिकेत. सीबीएसला लुसील बॉल आणि तिचा नवरा डेसी आर्नाझ यांची मालिका हवी होती, ‘आय लव्ह लूसी’. ती न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित व्हावी असा आग्रह होता, कारण बहुतेक टीव्हीसंच पूर्वेकडे होते. या दोघांना हॉलिवूडमधलं घर सोडायचं नव्हतं. हॉलिवूडमधून थेट केलं, तर पूर्वेला किनेस्कोप बघावा लागणार. किनेस्कोप म्हणजे टीव्हीच्या पडद्यावरचं चित्र फिल्मवर टिपायचं, दिसायला अंधूक. प्रायोजक फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. तिला हे चालेना.

तोडगा निघाला तो असा: मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर करायची, पण नाटकासारखी, प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेरे एकदम चालवून. तीन कॅमेरे हा काही त्यांचा शोध नव्हे. थेट प्रक्षेपणात ते होतेच, आणि फिल्मवरही हा प्रयोग आधी झाला होता. पण रूढ केला तो या मालिकेनं.

हे जमवायला बोलावलं कार्ल फ्रॉइंडला. ‘मेट्रोपोलिस’चं छायाचित्रण करणारा, ‘द गुड अर्थ’साठी ऑस्कर मिळालेला. ज्याचं सगळं आयुष्य सावल्या घडवण्यात गेलं, त्याला सांगितलं, की तिन्ही बाजूंनी एकाच वेळी चांगलं दिसेल असा उजेड पाड! दिवे जमिनीवर ठेवायची सोय नाही, तिथं कॅमेऱ्यांच्या गाड्या फिरणार. त्यानं दिवे वर टांगले, सगळीकडे एकसारखा प्रकाश पसरवला. काळा-पांढरा फरक ताब्यात राहावा म्हणून सेटच करड्या रंगाच्या छटांनी रंगवून घेतला. आजही अशा मालिकांत सगळं लख्ख, सपाट दिसतं ना, त्याचं मूळ इथं आहे. गमावलं ते सावल्यांचं काम. मला विचाराल तर ते थोडकं नव्हतं. पण मिळालं काय? लुसीलचा अभिनय सलग, आणि तिच्या तोंडासमोर खरं हसणारी माणसं. लोक हसले की ती थांबायची, हसू ओसरलं की पुढचं वाक्य. एका कॅमेऱ्यात ही लय संकलकाला टेबलावर जुळवावी लागते.

आता पैशाची बाजू, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. फिल्मचा खर्च वाढला. तो भागवायला दोघांनी आठवड्याला हजार डॉलर कमी घ्यायचं कबूल केलं. बदल्यात आर्नाझनं फिल्मची मालकी मागितली. सीबीएसनं दिली. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार, असाच तेव्हा समज होता! पुढे लुसील बाळंतपणासाठी थांबली तेव्हा जुने भाग पुन्हा लावले, आणि लोकांनी ते आवडीनं पाहिले. किनेस्कोपवर असते तर ते असे दिसलेच नसते. नंतर तेच हक्क सीबीएसला लाखो डॉलर मोजून परत घ्यावे लागले.

त्या काळात, १९५७ मध्ये, या नवराबायकोच्या ‘डेसिलू’ कंपनीनं आरकेओ हा अख्खा स्टुडिओ विकत घेतला. दोघांची पहिली भेट १९४० मध्ये झाली होती, ती याच आरकेओच्या एका सिनेमाच्या वेळी. तेव्हा दोघंही तिथं पगारी नट होते.