मिग-२१ : अपघात व कुप्रसिद्धी

सोव्हिएत बनावटीचे, एका इंजिनाचे स्वनातीत लढाऊ विमान. भारतीय हवाई दलात ते १९६३ मध्ये दाखल झाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झाले. नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात त्याची बांधणीही होत असे. ‘उडती शवपेटी’ हे त्याला चिकटलेले नाव अगदीच निराधार नाही, पण सगळे खापर यंत्रावर फोडणे वरवरचे ठरते. त्याचे आखूड त्रिकोणी पंख ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेले. साहजिकच धावपट्टीवर टेकताना वेग ताशी ३०० किमी.च्या आसपास राही. तेवढ्या वेगात, जमिनीलगत, पक्षी आदळून एकुलते इंजिन बंद पडले तर वैमानिकाला विचाराला क्षणही मिळत नसे. अशा विमानावर तरुण वैमानिक संथ प्रशिक्षण विमानांवरून जवळजवळ थेट येत. प्रगत प्रशिक्षण विमानाची शिफारस १९८०च्या दशकात झाली होती. असे विमान, ‘हॉक’, सेवेत आले २००८ मध्ये.

मग दुसरी विमाने इतकी का पडली नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. ८००हून अधिक मिग-२१ सहा दशके उडाली, त्यामुळे नुसता आकडा फसवा. उड्डाणतासांमागे प्रमाण पाहायला हवे. तरीही विमान निर्दोष ठरत नाही. पण वापर कसा होतो, हेही तितकेच महत्त्वाचे. पश्चिम जर्मनीने ९१६ पैकी २९२ ‘स्टारफायटर’ लढाऊ विमाने गमावली, तर स्पेनने तेच विमान अपघाताविना वापरले. मात्र स्पेनकडे ती मोजकीच होती आणि जर्मनांसारखी खराब हवेत, जमिनीलगत बॉम्बफेकीला जुंपलेली नव्हती. भारतात मिगची जागा घेणारे स्वदेशी लढाऊ विमान ‘तेजस’ रखडल्याने मिगचे आयुष्य वारंवार वाढवले गेले, हा दोष धोरणाचा.