मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला : इंग्रजीची तयारी कशी करून घ्यावी

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावी विज्ञानाला गेला की पुस्तक, फळा आणि प्रश्नपत्रिका बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजीत येतात. 'त्वरण' त्याला नीट कळलेले असते. 'ॲक्सिलरेशन' म्हणजे तेच, हे कुणी सांगत नाही. पहिल्या चाचणीत गुण घसरतात आणि घरात 'पोराला सायन्स झेपत नाही' असे ठरून जाते. आवडीने कला शाखा घेणे वेगळे आणि असे हरून शाखा बदलणे वेगळे. आमच्या पाहण्यात ही अडचण विज्ञानाची कमी आणि शब्दांची जास्त असते.

दहावीची परीक्षा आणि अकरावीचा पहिला तास यांत दोन-तीन महिने मोकळे मिळतात. वस्तीतल्या अभ्यासिकेत किंवा विहारात याच काळात वर्ग घ्यावा. अशा वर्गांत सुरुवात काळ आणि व्याकरणापासून करतात. आमच्या मते ती चूक आहे, कारण विद्यार्थ्याला आधी वाचायचे आणि ऐकायचे असते, बोलणे नंतर. महागडे स्पोकन इंग्लिश तर इथे फारसे कामाचे नाही.

बालभारतीचे दहावीचे विज्ञानाचे पुस्तक मराठी आणि इंग्रजी, दोन्ही माध्यमांत आहे. धडे आणि आकृत्या त्याच. दोन्ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. 'गुरुत्वाकर्षण' हा पाठ झालेला धडा घ्या आणि दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून परिच्छेदामागून परिच्छेद वाचा. अर्थ आधीच माहीत असल्याने इंग्रजी वाक्य अंगावर येत नाही. वहीत मराठी शब्द, इंग्रजी शब्द आणि स्वतःचे एक इंग्रजी वाक्य लिहावे. वाक्य मोडकेतोडके असले तरी चालेल.

यानंतर प्रश्नांतली क्रियापदे. 'डिफाइन' म्हणजे फक्त व्याख्या. 'स्टेट' म्हणजे नियम सांगा, स्पष्टीकरण नको. 'एक्सप्लेन' म्हणजे कारणासह समजावा. 'डिराइव्ह' म्हणजे सूत्र पायरीपायरीने सिद्ध करा. 'डिस्टिंग्विश' म्हणजे फरक. उत्तर येत असूनही 'स्टेट'ला अर्धे पान आणि 'एक्सप्लेन'ला एक ओळ लिहिणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन आठवडाभर नुसती क्रियापदे ओळखायला लावा, उत्तरे लिहून घेऊ नका.

नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतूनही देता येतात. भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. पण दोन वर्षे इंग्रजीतून शिकून ऐनवेळी मराठी निवडली तर 'संयुजा' हा शब्दच परका वाटतो. हा निर्णय अकरावीतच घ्यावा.

शिकण्यासाठी शहरात राहावे लागणार असेल आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नसेल, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला सुट्टीतच काढून ठेवावा. प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रात रांगा लागतात.