गोळ्यांचा डबा

१९८६ साली मेडिक्लेम आलं तेव्हा मला सरकारी विमा कंपनीत लागून दोनच वर्षं झाली होती. सांगलीच्या कचेरीत माहितीपत्रकं आली ती इंग्रजीत. गिऱ्हाईकांना ती मराठीत समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त झाल्यावरही ज्येष्ठ नागरिक संघांतून मी तेच करते आहे.

१८९४ पासून मिरजेत मिशनचं हॉस्पिटल आहे. त्यामुळे आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्याची धास्ती नव्हती. धास्ती होती कागदाची. शिवाय विमा म्हणजे काय, हे त्यांना आधीच कुणीतरी शिकवलेलं होतं. १९५६ साली २४५ संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं आणि पुढची तीस वर्षं एजंटांनी घरोघरी एकच गोष्ट सांगितली: हप्ते भरा, मुदत संपली की बोनससकट घ्या. विमा म्हणजे बचत, ही समजूत त्यातून पक्की झाली. मग मी सांगायचे, की वर्षभर आजारी पडला नाहीत तर काहीच परत मिळणार नाही. समोरून उत्तर ठरलेलं, "म्हणजे पैसे बुडालेच की!"

गिरणीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मला यातून सोडवलं. "हे आमच्या मयत फंडासारखं दिसतंय," ते म्हणाले. पगारातून प्रत्येकाचे थोडे पैसे कापायचे, ज्याच्या घरी प्रसंग येईल त्याला द्यायचे. आपल्या घरी कुणी गेलं नाही म्हणून पैसे परत द्या, असं फंडाकडे कोण मागतं? त्या दिवसापासून माझं बोलणं मयत फंडापासून सुरू होतं.

बीपीचं कोडं मात्र सुटायला फार वर्षं गेली. फॉर्मवर प्रश्न असायचा, उच्च रक्तदाब आहे काय? माणसं 'नाही' लिहीत. पुढे ॲडमिट झाल्यावर जुने केसपेपर निघत आणि आजार लपवला म्हणून क्लेम नाकारला जाई. असे नाकारलेले कागद घेऊन बसलेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत. ही माणसं खोटं बोलत नव्हती, हे मी आजही ठासून सांगेन. एका आजींना मी विचारलं, तुम्हाला बीपी आहे ना? त्या म्हणाल्या, "छे हो, गोळी चालू आहे ना!" गोळीनं आवरलं म्हणजे आजार उरला नाही, हा त्यांचा सरळ हिशेब. चूक प्रश्नाची होती. तेव्हापासून मी आजार विचारतच नाही. गोळ्यांचा डबा घेऊन या, एवढंच सांगते. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात रबर लावलेल्या पट्ट्या येतात. पट्टीवरची नावं मी फॉर्मवर उतरवते.

पहिल्या मेडिक्लेममध्ये आधीचे आजार कधीच धरले जात नसत. आता १ एप्रिल २०२४ पासून त्यांच्यासाठी ३६ महिन्यांहून जास्त थांबवता येत नाही, आणि पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळत नाही ही अडचणही नियमांतून गेली. त्याच वर्षी जानेवारीपासून पॉलिसीचा थोडक्यात गोषवारा मागितल्यास आपल्या भाषेत मिळतो. मागा, असं मी प्रत्येक सभेत सांगते.

जुनी शिकवण मात्र सहजी पुसली जात नाही. २०१२ साली राज्यात जीवनदायी योजना आली ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डांसाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं पाच लाखांचं संरक्षण खुलं झालं, तरी निवृत्त मास्तर अजून हात जोडून म्हणतात, "आमचं कार्ड पांढरं, आम्हाला कुठलं?" मग मी रेशनकार्ड पिशवीत ठेवायला लावते आणि आधारवरची जन्मतारीख मोठ्यानं वाचून दाखवते.

मागच्या सभेला एक आजी दोन डबे घेऊन आल्या. एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा पदराखालून हळूच काढला.

"हा यांचा," त्या म्हणाल्या. "ते काही यायचे नाहीत. मला काही झालेलं नाही म्हणतात."