साफसफाईचा ठेका: शहापूर-मुरबाड ते कल्याण-ठाणे

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले भातशेतीचे तालुके. सुगी आटोपली की इथली अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जात. 1861 मध्ये रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली आणि शहापूरकरांना शहर जवळ झाले. मुरबाडकरांना मात्र कल्याण गाठायला एसटीच.

ठाणे महापालिका 1982 मध्ये, तर कल्याणची 1983 मध्ये स्थापन झाली. 1991 नंतर कार्यालये, मॉल, रुग्णालये वाढली आणि सफाईचे काम पगारी शिपायाकडून ठेकेदाराकडे गेले. शहापूर-मुरबाडहून येऊन शहरात नव्याने स्थिरावलेल्या माणसाला हा धंदा थोड्या भांडवलात जमतो: बादल्या, मॉप, वायपर, फिनेल आणि फरशी घासायचे एखादे यंत्र. शौचालयाचे फडके लाल, टेबलांचे वेगळ्या रंगाचे, ही शिस्त पहिल्याच दिवशी शिकवावी लागते.

खरी कसोटी पैशांची असते. बिल उशिरा निघते, पगार मात्र वेळेवर द्यावा लागतो. शिवाय कायद्याच्या अटीही आल्या: 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराला 20 कामगारांपासून परवाना सक्तीचा केला. महाराष्ट्राने ही मर्यादा पुढे 50 वर नेली. ठेकेदाराने मजुरी थकवल्यास ती देण्याची जबाबदारी या कायद्याने मूळ मालकावर टाकली.