वतन सोडणाऱ्यांचा हिशेब



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आम्हाला इतिहासावर चार ओळी लिहायला सांगितल्या. आम्ही साखर कारखान्यात ऊस गाळणाऱ्या मिलवरची माणसं. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, मिळेल ते पुस्तक मिळेल तिथून आणून. तेव्हा पंडिती लेखाची अपेक्षा ठेवू नये.

आजकाल कुणाच्याही घरी जा, पहिला सवाल ठरलेला, "पोरगा किती कमावतो?" तो कुणाच्या उपयोगी पडतो का, हे कुणी विचारीत नाही. म्हणून बारामती-इंदापूरच्या या मातीत पैशाने काय केलं, आणि पैशाकडे पाठ करून आपल्या माणसांनी काय केलं, एवढंच आम्ही इथे मांडतो.

इंग्रजी अमलात इंदापूर तालुका गाजला तो जमीन मोजणीमुळे. आधी प्रिंगल साहेबाने बसविलेला सारा रयतेला पेलेना. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी करून १८३६ पासून ३० वर्षांसाठी सारा ठरविला. हाच नमुना पुढे मुंबई इलाख्यात चालला. पण सारा रोख भरायचा. पीक बुडालं की सावकाराचा उंबरा गाठायचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाचा भाव चढला. सावकारानेही हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मात्र तसंच राहिलं. त्यात १८६७ ला इंदापूरचा सारा वाढला.

शेवटी १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात भडका उडाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज ते बारामतीत आहे. रयतेने सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि रोखे, खतं, वह्या जाळल्या. इंदापूर, शिरूर, हवेली आणि नगर जिल्ह्यापर्यंत हे लोण गेलं. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

रयतेचं बंधन रोख्यात होतं. महारवाड्याचं बंधन वतनात होतं. हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि खळ्यावरचं बलुतं, एवढ्या मोबदल्यात वेसकरकी करायची, सरकारी टपाल वाहायचं, साऱ्यासाठी माणसं बोलावून आणायची, मेलेलं ढोर ओढायचं. हाक आली की रात्र म्हणायची नाही की दिवस. १८७४ च्या वतन कायद्याने त्यावर सरकारी शिक्का बसला. तरीही ते वतन लोकांना प्यारं होतं, कारण दुसरी मालमत्ता होतीच कुठे?

अशा काळात आपल्या जिल्ह्यात शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी. पगार नीट सांभाळून स्वतःचा संसार सुखाचा करता आला असता. पण या गृहस्थांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली आणि लष्कर-पोलिसात आपल्याला जागा द्या, असा अर्ज सरकारकडे धाडला. १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढलं. सासवड इथून काही फार लांब नाही. ज्याचं पोट साहेबांच्या ताटावर, त्याने साहेबांच्या सरकारकडे हक्क मागितला, हे लक्षात घ्या.

पुढे बाबासाहेब आले. १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, पगार महिना ४५० रुपये. त्या काळी केवढी ती रक्कम! तरी ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी 'मूकनायक' सुरू केलं, आणि त्याच वर्षी नोकरी सोडून अपुरा अभ्यास पुरा करायला लंडन गाठलं. बॅरिस्टर होऊन परतल्यावर नुसती वकिली केली असती तर घरात काय कमी पडलं असतं? त्यांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. तेव्हा आपल्यातलेच काही म्हणाले, वतन गेलं तर खायचं काय? प्रश्न खोटा नव्हता. बिल मागे घ्यावं लागलं आणि ही वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. पण कायद्याची वाट न बघता गावोगावच्या बायाबापड्यांनी मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, बलुत्याची भाकरी सोडली, बहिष्कार सोसला.

आणि १४ ऑक्टोबर १९५६! नागपूरला धम्म स्वीकारला, त्यानंतर बौद्ध म्हणून नाव लावलं की अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती बंद. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने सवलती दिल्या. केंद्राच्या मात्र १९९० साली मिळाल्या, म्हणजे ३४ वर्षांनी. हा तोटा आपल्या आईबापांनी डोळे उघडे ठेवून पत्करला. त्यांना कुणी विचारलं असतं, "यात तुमचा फायदा काय?" तर त्यांनी एवढंच सांगितलं असतं, की माणूस झालो.

आता पाणी बदललं. नीरा डाव्या कालव्याने ऊस आला, वालचंदनगर, भवानीनगर, माळेगावचे कारखाने आले, पुढे बारामतीत एमआयडीसी आली. आपल्याही घरांवर स्लॅब पडले. चांगलं झालं. गरिबीत मोठेपणा असतो असं सांगणाऱ्याने एकदा उपाशी झोपून बघावं. भगवान बुद्धांनीही गृहस्थाला पैसा टाकायला सांगितलं नाही. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितलेत: एक स्वतःच्या उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून. सम्यक आजीविकेत शस्त्र, प्राणी, मांस, दारू आणि विष यांचा व्यापार वर्ज्य केला. म्हणजे पैसा जरूर मिळवा, पण तो कशातून येतो आणि कशासाठी जातो, याचा हिशेब ठेवा.

हा हिशेब आम्ही रोज कारखान्यात बघतो. निवृत्त झालेला एक माणूस पोरांना गणित शिकवतो, त्याच्या दारात चपलांना जागा पुरत नाही. त्याच्याच बरोबरीचा दुसरा, फंडाचे पैसे बँकेत टाकून दिवसभर पारावर "आता काय करायचं" म्हणत बसतो. दोघांचा पगार सारखाच होता.

शेवटी एकच मागणं. विहाराला वर्गणी सगळे देतात, त्याबद्दल आभारच. पण पावतीबरोबर आठवड्याचा एक तास द्या. नोकरीला लागलेल्या पोरापोरींनी संध्याकाळी दहावीच्या मुलांना शिकवावं. आयाबायांनी वतनाच्या, बलुत्याच्या आठवणी सांगाव्यात, कुणीतरी त्या वहीत उतरवाव्यात. ज्यांनी भाकर सोडून माणूसपण घेतलं, त्यांची नातवंडं आपण. आपल्याकडे भाकर आहे, तेव्हा आपलं काम त्यांच्यापेक्षा सोपं आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!