घोड्याची हजामत, स्प्लेंडरची केबल आणि अरासचा बर्फ

ऐकायला वेळ मिळाला नाही, वाचतो म्हणणाऱ्यांसाठी या एपिसोडचा हा लिखित अवतार. बोलताना भरकटलेलं थोडं कापलंय, थोडं मुद्दाम ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील: घोड्याचे केस कापायची मशीन. आपल्याकडे यासाठी अस्सल शब्द आहे, भादरणे. गावाकडे उन्हाळ्याच्या तोंडावर म्हशी भादरतात हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. काळी कातडी, ऊन, अंगावर केस, म्हणून म्हैस भादरायची. इंग्लंडात घोडा भादरतात तो मात्र ऐन हिवाळ्यात. थंडीत अंगावरचा कोट काढायचा! उलटं वाटतं ना? एपिसोडचा सगळा जीव या उलट्या गोष्टीत आहे.

कारण साधं आहे. घोडा माणसासारखाच भरपूर घामेजतो. दिवस लहान व्हायला लागले की त्याच्या अंगावर जाड लोकरट केस येतात. थंडीचाही थोडा हात असतो, पण मुख्य सिग्नल उजेडाचा. मोकळ्या कुरणात उभ्या घोड्याला हे केस वरदान आहेत. पण त्याच घोड्याला दोन-तीन तास शिकारीमागे पळवलं किंवा बग्गीला जुंपलं, तर कोट घामाने चिंब होतो आणि वाळायला कित्येक तास लागतात. ओला स्वेटर घालून रात्रभर उभं राहून बघा. त्यामुळे कामाच्या घोड्याचे केस काढायचे आणि काम संपलं की अंगावर झूल टाकायची. ही दुसरी अट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

ही पद्धत स्पेनमधून आली असं सांगतात. नेपोलियनशी तिथे लढून परतलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथली भादरलेली खेचरं पाहिली होती म्हणे. ते खरं असो-नसो, स्पेनमध्ये हा पक्का धंदा होता एवढं नक्की. खेचरं आणि गाढवं भादरणाऱ्यांना तिकडे एस्किलादोर म्हणत आणि त्यात जिप्सी कारागिरांचा मोठा भरणा होता. जॉर्ज बॉरो या इंग्रज लेखकाने १८४१च्या आपल्या पुस्तकात त्यांचं आणि त्यांच्या कात्र्यांचं वर्णन करून ठेवलंय.

इंग्लंडातही सुरुवातीला कात्री आणि कंगवाच होता. एक घोडा म्हणजे दिवसभराचं काम, कधी त्याहून जास्त. राहिलेले केस दिव्याच्या ज्योतीने जाळायचे. हो, जिवंत घोड्याच्या अंगावरून ज्योत फिरवायची! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने दाबायची क्लिपर आली. आपल्या जुन्या सलूनमध्ये मानेवर कटकट करत फिरायची, तिचीच थोरली बहीण. तरी हात दुखायचाच. हाताच्या ताकदीने दाते हलवायचे म्हणजे तासाभरात पंजा गळाला.

इथून माझ्या आवडीचा भाग. प्रॉब्लेम असा: ताकद एका जागी, पातं दुसऱ्या जागी, आणि मधला घोडा स्थिर उभा राहत नाही. उत्तर होतं फ्लेक्सिबल शाफ्ट, म्हणजे नळीच्या आत गोल फिरणारी लवचिक तार. एक जण स्टँडवरचं चाक फिरवतो, तारेतून फिरकी पात्यापर्यंत जाते, दुसरा आरामात घोड्याच्या अंगावर हात फिरवतो. शिकागोत जॉन स्टुअर्ट आणि थॉमस क्लार्क या दोघांनी हाच धंदा मांडला आणि १८९७ मध्ये 'शिकागो फ्लेक्सिबल शाफ्ट कंपनी' उभी केली. घोडे भादरायच्या आणि मेंढ्या कातरायच्या मशीन.

पुढे काय झालं बघा. फिरणारी तार हाताशी आहे, मग ती आणखी कुठे लावता येईल? मोटारीच्या चाकाला! चाकाची फिरकी तारेतून काट्यापर्यंत आणली की झाला स्पीडोमीटर. स्टुअर्ट आणि क्लार्क त्या धंद्यातही उतरले आणि फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांवर स्टुअर्टचे स्पीडोमीटर लागले. बाबांच्या जुन्या स्प्लेंडरचा किंवा बजाज स्कूटरचा काटा अचानक शून्यावर पडायचा आणि मेकॅनिक म्हणायचा "केबल गेली", आठवतंय? ती केबल म्हणजे हीच घोडा भादरायची तार. आणि शिकागोची कंपनी १९४६ मध्ये नाव बदलून सनबीम झाली. अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांत ज्यांचे मिक्सर आणि टोस्टर होते, ती सनबीम.

हा एकटा योगायोग नाही. ऑस्ट्रेलियात फ्रेडरिक वुल्झलीने मेंढ्या कातरायचं यंत्र बनवलं. १८८८ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या डनलॉप स्टेशनवर सगळा कळप पहिल्यांदा मशीनने कातरला गेला. त्याच्या कंपनीत हर्बर्ट ऑस्टिन नावाचा तरुण इंजिनिअर होता, जो १८९३ मध्ये मॅनेजर म्हणून बर्मिंगहॅमला आला. मेंढी कातरायचा धंदा सीझनचा, उरलेलं वर्ष कारखाना रिकामा. म्हणून ऑस्टिनने रिकाम्या वेळात मोटारी करून बघितल्या. पुढे १९०५ मध्ये स्वतःची ऑस्टिन कंपनी काढली, १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन आली, आणि बीएमडब्ल्यूने बनवलेली पहिली कार त्याच ऑस्टिन सेव्हनच्या लायसन्सवर होती. ऑफ-सीझनला साइड प्रोजेक्ट करणाऱ्या आमच्या जमातीचा हा मूळ पुरुष मानायला माझी हरकत नाही.

तिसरं नाव तर आपल्या विहिरीवरचं. लिस्टर! इंग्लंडातल्या डर्स्ली गावची कंपनी. तिची डिझेल इंजिनं आणि राजकोटला बनणाऱ्या त्यांच्या नकला टुक-टुक करत कित्येक शेतांना पाणी देत आल्या. याच लिस्टरने मेंढ्या कातरायची यंत्रंही बनवली आणि लिस्टर नावाच्या घोड्याच्या क्लिपर आजही मिळतात.

आता कठीण भाग. पहिलं महायुद्ध, पश्चिम आघाडी. ब्रिटिश सैन्याकडे लाखो घोडे-खेचरं. चिखल, दाटीवाटी आणि खरूज. खरजेचा किडा कातडीत घर करतो, जाड केसांखाली तो दिसत नाही आणि औषधही तिथवर पोचत नाही. म्हणून घोडे भादरायचे आणि औषधाच्या हौदातून काढायचे. पशुवैद्यकाच्या नजरेने बरोबर. मशीन होत्या, हात होते, हुकूम होता.

पण १९१६-१७चा हिवाळा भयंकर होता आणि लांबला. ९ एप्रिल १९१७ला फ्रान्समधल्या अरासची लढाई सुरू झाली (गणपतीची आरास नव्हे, शहराचं नाव). त्या दिवशी बर्फ पडत होता. एप्रिलमध्ये! घोड्यांचा दाणा आधीच कमी केलेला. तोफा आणि दारूगोळा चिखलातून ओढायचा. रात्री उघड्यावर उभं राहायचं. आणि अंगावर कोट नाही. झूल? आघाडीवर ती कुठून पुरणार? घोडे थकव्याने आणि गारठ्याने मेले. गोळ्यांनी मेले ते वेगळेच. सरसकट भादरण्यावर मग खुद्द सैन्यातच प्रश्न उभे राहिले.

मला इथे मशीनचा राग येत नाही. ती कात्री असती तर इतके घोडे भादरलेच गेले नसते, हेही खरं. हुकूम देणाऱ्यांनी खरजेचा हिशोब केला, पण झूल आणि दाण्याचा केला नाही. भादरायच्या पहिल्याच कारणात ती अट होती, ती कागदावरून गळली.

म्हणून आज कुणी स्वतःचा घोडा भादरायला क्लिपर निवडत असेल (आपल्या श्रोत्यांत तिघे-चौघे तरी आहात, मेल येतात), तर सुरुवात दुकानातून करू नका. घोडा किती काम करतो, रात्री कुठे उभा राहतो, झूल आहे का, हे आधी. हलकं काम असेल तर ट्रेस क्लिप पुरते: गाडी ओढायचे पट्टे जिथून जातात तेवढाच पोट-छातीचा भाग. रोज घाम काढणाऱ्यासाठी हंटर क्लिप: पाय आणि खोगिराखालचा चौकोन सोडून बाकी सगळं. इंग्लंडात पहिली वेळ ऑक्टोबरची, शेवटची जानेवारीअखेर, कारण नंतर उन्हाळी केस फुटायला लागतात.

मग पातं. ते जोडीचं असतं. खालचं कंगव्यासारखं, कातडीवर टेकून फिरतं, वरचं डावी-उजवीकडे धावत कापतं. केस किती उरणार ते खालच्या पात्याच्या जाडीवर ठरतं. अंगासाठी मध्यम पातं, साधारण दोन-तीन मिलिमीटर ठेवणारं, हेच नवख्याला बरं. बारीक पातं प्रत्येक चूक दाखवतं. पायांना जाड. डोकं-कानांसाठी छोटी मशीन, तिच्या पात्यांचे नंबर उलटे चालतात: १० नंबर सुमारे दीड मिलिमीटर ठेवतो, ४० नंबर पाव मिलिमीटर, म्हणजे ऑपरेशनच्या आधी डॉक्टर वापरतात तो. नंबर मोठा म्हणून केस मोठे समजलात तर घोडा तुळतुळीत!

जोडीतली पाती एकमेकांत बदलू नका, ती एकत्र धार लावलेली असतात. घोडा आधी धुऊन पूर्ण वाळवा, मातीचे कण धार खातात. तेल दर पाच-दहा मिनिटांनी. पातं आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका बसला तर थांबा, घोडा सांगणार नाही, लाथ मारेल. स्क्रू फार आवळला की पातं तापतं, सैल ठेवला की केस ओढतं. बॅटरीची मशीन हलकी, आवाज कमी, बुजऱ्या घोड्याला आणि एक-दोन घोड्यांना चांगली. पाच-सहा असतील तर वायरवाली जोरदार घ्या, पण वायर घोड्याच्या पायाखाली येणार नाही आणि करंट गळला तर ट्रिप होणारा स्विच भिंतीवर आहे, हे बघून.

मशीन नुसती चालू करून दोन-चार दिवस जवळ धरा, कापू नका. आवाजाची सवय होऊ दे. पहिल्या दिवशी नुसती मान झाली तरी चालेल.