बारा चौकटींचा हिशेब

जुनी रोल फिल्म बॅक विकत घेताना गिऱ्हाईक आधी वरचं कातडं आणि क्रोमची झळाळी बघतं, नंबर जुळतात का ते पाहतं आणि भाव ठरवतं. फोटो चांगला येईल की नाही, याचं उत्तर यातून मिळत नाही. बॅकचं मुख्य काम मोजणीचं आहे. प्रत्येक फोटोनंतर फिल्म हवी तेवढीच पुढे सरकली पाहिजे, ना जास्त ना कमी. हे काम एकेकाळी छायाचित्रकाराचे डोळे करत होते, पुढे ते हळूहळू यंत्राकडे गेलं. बॅक तपासायची तर यंत्राने जबाबदारी उचलली ती नेमकी जागा तपासावी लागते, आणि ती जागा इतिहासातच सापडते.

काचेच्या प्लेटच्या कॅमेऱ्यामागे बसवता येणारा ईस्टमन-वॉकर रोल होल्डर 1885 चा. आजच्या बॅकचा तो पूर्वज. पण मोजणीचा सर्वांत साधा तोडगा 1892 च्या ‘बुल्स-आय’ कॅमेऱ्यात आला. फिल्मच्या पाठीला आकडे छापलेला काळा कागद होता आणि कॅमेऱ्याच्या पाठीला तांबडी खिडकी. ईस्टमनने 1895 मध्ये तो कॅमेरा बनवणारी कंपनीच विकत घेतली. कोडॅकचा 120 रोल 1901 मध्ये बाजारात आला तोही अशाच आकड्यांच्या कागदासकट. या रचनेत बिघडण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. खिडकीत आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची, एवढंच. चूक झाली तर फिरवणाऱ्याची. उणीव होती ती वेगाची, शिवाय लाल उजेड टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला त्या खिडकीचाही धोका होता.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी 1948 मध्ये 1600एफ हा कॅमेरा आणला. त्याचं मॅगझिन, म्हणजे बॅकच, रोल अर्धा असतानाही काढून दुसरं लावता येई. त्यांच्या जुन्या सी12 मॅगझिनमध्ये पहिला आकडा अजून छोट्या खिडकीतून बघावा लागे. पुढच्या ए12 मध्ये कागदावरचा बाण खुणेशी जुळवला की उरलेला सगळा हिशेब यंत्राचा. हा हिशेब दिसतो तितका सोपा नाही. फिल्म गुंडाळली जाते तशी रीळ जाड होत जाते, म्हणून तेवढ्याच फेऱ्यात अधिक फिल्म ओढली जाते. दोन चौकटींतलं अंतर सारखं राखायचं तर फेरा दर खेपेला थोडा कमी व्हायला हवा. यंत्रातल्या चाकांचे दाते झिजले किंवा तेल सुकलं की पहिला घाव इथेच बसतो. तो पाहायला एक टाकाऊ रोल पुरतो. रोल भरायचा, बॅक कॅमेऱ्यावरून उतरवून डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मपुढची झाकणपट्टी, काढायची आणि चौकटीच्या कडेने फिल्मवर पेनाने रेघा ओढायच्या. मग फिल्म पुढे सरकवायची, पुन्हा रेघा. बारा वेळा झालं की रोल उलगडून पट्टीने अंतरं मोजायची. चौकट सुमारे 56 मिलिमीटरची, म्हणजे बारा चौकटींना 67 सेंटिमीटर लागतात. फिल्म असते साधारण 80 सेंटिमीटर. तेव्हा चूक लपवायला फारशी जागा नाही. अंतरं थोडी कमी-जास्त चालतील. चौकटी एकमेकींवर चढल्या तर मात्र बॅक दुरुस्तीला गेलीच पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की मोजणीपेक्षा उजेडाची गळती जास्त छळते. ते खरंच आहे, पण तिचं मूळही त्याच सोयीत आहे. अर्ध्या रोलवर मॅगझिन बदलायचं म्हणून डार्क स्लाइड आली, स्लाइड आली म्हणून तिच्या फटीत फोम आणि पातळ पट्टीचा बंद आला. तो बंद काही वर्षांनी झिजतो, मग चौकटीच्या कडेला उजेडाचे पट्टे उमटतात. ही मात्र स्वस्तात बदलता येणारी वस्तू आहे, म्हणून तिच्यासाठी सौदा मोडू नये. दुसरा आक्षेप नंबरांचा. हॅसलब्लाडच्या बॅकमध्ये फिल्म बसते त्या आतल्या भागावरचे, म्हणजे इन्सर्टवरचे, तीन आकडे बाहेरच्या कवचाच्या नंबराच्या शेवटच्या तीन आकड्यांशी जुळले पाहिजेत, असं जाणकार सांगतात. जुळणी असली तर दोन्ही भाग कारखान्यातून जोडीने निघाले, एवढंच सिद्ध होतं. चाळीस वर्षांत दाते किती झिजले हे नंबर सांगत नाही. विजोड जोडीही चाचणीत उतरू शकते आणि सजोड जोडीही नापास होऊ शकते.

लेन्स आणि शटर सोडून बॅकचं एवढं कौतुक कशाला, हा तिसरा प्रश्न. लेन्समधला दोष बहुधा काच उजेडात धरली तरी दिसतो, शटर अडकलं तर आवाजावरून कळतं. बॅकने मात्र सगळ्या रोलच्या चौकटी एकमेकींवर चढवून ठेवल्या तरी रोल धुतल्याशिवाय पत्ता लागत नाही, तोवर प्रसंग निघून गेलेला असतो. अपोलो मोहिमांत चंद्रावर वापरलेल्या हॅसलब्लाडच्या बॉडी वजन वाचवण्यासाठी तिथेच सोडल्या आणि फिल्मची मॅगझिन परत आणली, त्यामागचं गणित हेच: मोल होतं ते टिपलेल्या चौकटींचं. म्हणून चाचणीच्या एका रोलचा खर्च बॅकच्या किमतीतच धरावा, आणि विकणारा ती चाचणी करू देत नसेल तर कातडं कितीही कोरं असलं तरी भाव उतरवूनच बोलावं.